आमच्या घरातल्या चार तुताऱ्या

आमच्या माईला सिनेमाचं नाव कधीच माहीत नसायचं. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, आणि दोन्ही वेळा माई स्वयंपाकघरात. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही माजघरात होता. लाकडी खोक्यातला, सरकती दारं असलेला. त्याच्यापुढे घरची नऊ आणि बिऱ्हाडकरूंची धरून वीस-बावीस माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली असत. माईला ओट्यापाशी उभं राहून पडदा दिसायचा नाही, ऐकू मात्र यायचं. तेवढं तिला पुरे होतं. सिनेमा कंपनीचं चिन्ह पडद्यावर यायचं, पाठोपाठ त्याची ती ठरलेली धून वाजायची, आणि आतून निकाल लागायचा.

"प्रभात आहे. रुमाल घेऊन बसा गं."

तिचा निकाल सहसा चुकत नसे. 'कुंकू' असो, 'माणूस' असो, 'शेजारी' असो, शेवटच्या अर्ध्या तासात आमच्या सतरंजीवर नाकं ओढल्याचे आवाज यायचेच. राजकमल असेल, तर माई म्हणायची, "आज नाच आहे," आणि चिवड्याचा मोठा डबा निघायचा. राजकमलच्या चिन्हातल्या, कमळातल्या बाईचा आणि चिवड्याचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाली, "नाच असला की माणसं उठत नाहीत रे, बसल्या जागी खायला लागतं." शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे' आणि 'नवरंग'बद्दल याहून नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही.

बी. आर. चोप्रांच्या चिन्हाबरोबर गीतेतला श्लोक यायचा. माईच्या हिशेबी श्लोक म्हणजे कोर्ट. 'कानून' लागला तेव्हा तर नुसतं कोर्टच निघालं, गाणं एकही नाही. आत्या इतकी वैतागली की मध्येच उठून जात्यापाशी जाऊन बसली. मेहबूब प्रॉडक्शनचा विळा-हातोडा आला की आप्पा, म्हणजे आमचे आजोबा, सरसावून बसायचे. चिन्ह कामगारांच्या राज्याचं, आणि त्यावर भारदस्त आवाजात शेर असा, की जे व्हायचं ते वरच्याच्या मर्जीनं होतं. "म्हणजे दोन्हीकडून सोय," असं आप्पा दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी काका हसायचे. जेमिनीच्या चिन्हात दोन उघडीनागडी बाळं बिगूल फुंकत उभी. ती आली की आमचा बंडू, वय वर्षं चार, आंघोळीचा टॉवेल फेकून देऊन हाताची मूठ तोंडाला लावून शेजारी उभा राहायचा. त्याला आवरायला कुणाला तरी उठावंच लागे.

सगळ्यात गंमत आर. के.ची. पृथ्वीराज कपूर शंकराच्या पिंडीची पूजा करतायत असं दिसायचं. ते सुरू झालं की माई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि उभ्या उभ्या नमस्कार करायची. मग ते 'बरसात'वरून घेतलेलं चिन्ह यायचं, एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर नायिका. माई आत जायची, आणि काका सावकाश म्हणायचे, "पोरांनो, नळ आलाय का बघून या." नळ पहाटे यायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. पूजेनं सुरू होणारा सिनेमा पुढे आमच्या बघण्याजोगा का राहत नाही, हे कोडं मात्र सुटायला बरीच वर्षं लागली.

हे सगळं १९७८ ते ८५च्या दरम्यानचं. मुंबईचं केंद्र १९७२च्या गांधी जयंतीला सुरू झालं, आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसायला लागलं. आमच्याकडे टीव्ही यायला मात्र आत्याचं लग्न मोडावं लागलं. साठवलेले पैसे आप्पांनी टीव्हीत घातले. पण तो विषय वेगळा.

प्रभातच्या चिन्हात एक बाई तुतारी फुंकायची. ती तुतारी ही आमच्या घराची खास मालमत्ता होती. बाकीची चिन्हं सिनेमावाल्यांची, तुतारी आमची. कारण एक तर पुणं. १ जून १९२९ला कंपनी कोल्हापुरात निघाली खरी, पण १९३३ साली पुण्यात आली, आणि तिचा स्टुडिओ म्हणजेच आजचं फिल्म इन्स्टिट्यूट. दुसरं म्हणजे आप्पा. त्यांचं बालपण बोलपट सुरू होण्याच्या काळातलं. प्रभात निघाली तेव्हा सिनेमा मुका होता. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला आणि प्रभात बोलायला लागली. आप्पांच्या मते सिनेमा बोलला ही मोठी गोष्ट नव्हतीच. "बोलतो तर आपला शेजारीही. तुतारी वाजली, ती मोठी गोष्ट."

आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले, आणि गुरुवारच्या भजनात पेटीवर बसायचे. तुतारी त्यांनी पेटीवर बसवली होती. मला शिकवताना त्यांनी जे सांगितलं, ते पुढे कुठल्याही संगीताच्या वर्गात मला इतक्या सोप्या शब्दांत मिळालं नाही. "तुतारीला भोकं नसतात, पडदे नसतात. फुंक आणि ओठ, एवढ्यावर सगळं. मग त्यातून निघणार काय? सा, वरचा सा, त्याचा प, आणखी जोर लावलास तर त्याच्यावरचा सा, ग. मधले सूर नाहीतच. तुला रे हवा असेल तर सनईवाल्याकडे जा." म्हणून, आप्पा म्हणायचे, जगातल्या सगळ्या तुताऱ्या, शिंगं, बिगुलं एकमेकांची सख्खी भावंडं. शिवाजी महाराजांच्या गडावर वाजली काय आणि विलायतेत वाजली काय, सूर तेच, चढणं-उतरणं तेवढं आपापलं.

त्या चढण्या-उतरण्यावरूनच पुढचा सगळा घोळ.

काका दाढी करताना तुतारी शिट्टीवर वाजवायचे. हनुवटीखाली वस्तरा आला की शिट्टी थांबायची, त्यामुळे काकांच्या तुतारीत मध्ये एक ठरलेला खड्डा होता. आम्हाला तो तालाचाच भाग वाटायचा. आत्याची तुतारी संथ. तिच्या खोलीत आम्ही भाचरं झोपायचो, आणि अंगाई म्हणून ती हीच धून गुणगुणायची. बंडूनं तुतारीला सायकलचा भोंगा जोडला होता, एकाच सुरातला. त्याची तुतारी म्हणजे नुसती लय, सूर कुठेच नाही. तरी गल्लीत कुणीही ओळखायचं.

माझी तुतारी कुठून आली, ते मला नेमकं आठवतं. गणेशोत्सवात आमच्या गल्लीत दोन घरांच्या मध्ये पांढरा कपडा ताणून सिनेमा दाखवायचे. त्या वर्षी 'संत तुकाराम' होता. समोरची जागा आधीच भरलेली, म्हणून आम्ही पोरं कपड्याच्या मागच्या बाजूला बसलो. तिथून सगळं उलटं दिसतं. अक्षरं उलटी, विष्णुपंत पागनीसांच्या खांद्यावरची वीणाही भलत्याच खांद्यावर. पण आवाजाला उलटसुलट नसतं. प्रोजेक्टरची मोटर जुनी होती, वेग घ्यायला वेळ लावायची. त्यामुळे तुतारी सुरू झाली ती खालच्या, जाड, घोगऱ्या सुरात, आणि मोटर जशी वेगात येत गेली तशी घसरत घसरत वर चढली. शास्त्रात ज्याला मींड म्हणतात, ती त्या मोटरनं तुतारीत घातली होती. तुतारीत मींड शक्य नाही, आप्पांनी सांगितलंच होतं. पण मला ती तशीच पाठ झाली, आणि पुढे टीव्हीवर सरळ तुतारी ऐकली की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

त्या काळातले फरक असेच पडायचे. कुणी संगीतकार बसवायचा नाही, यंत्रं बसवायची. गणपतीच्या रात्री आम्ही रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचो, तीन सिनेमे एका रात्रीत. कॅसेट इतक्या घरांतून फिरलेली असायची की सुरुवातीची फीत ताणली गेलेली. बंडूचं म्हणणं, प्रत्येक जण परत देताना ती सुरुवातीपर्यंत गुंडाळतो, म्हणून सुरुवातच आधी मरते. 'मदर इंडिया'ची अशीच कॅसेट आली होती. मेहबूबचा शेर म्हणणारा आवाज मुळातच भारदस्त, तो ताणून इतका खाली गेला की कुंभकर्ण झोपेत बोलतोय असं वाटलं. आप्पा म्हणाले, "आता मात्र खरंच वरच्याचा आवाज आला."

नव्वदीनंतर केबल आली, आणि तिच्याबरोबर इंग्रजी सिनेमा घरात. तोवर इंग्रजी सिनेमा म्हणजे काका आणि अलका टॉकीज. आता रात्री साडेनऊला माजघरातच. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचं ते सोनेरी दगडी नाव, आकाशात फिरणारे झोत, आणि बाकी काही वाजण्याअगोदर तडतडणारा ढोल. आप्पा दारातच थांबले. "हा तर ताशा आहे!" पुण्याच्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार? मग तुताऱ्या आल्या, आणि आप्पांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. भावंडं.

ती धून आल्फ्रेड न्यूमन यांनी १९३३ साली केली. म्हणजे आमची तुतारी बोलायला लागली त्याच्या पुढच्याच वर्षी. सिनेमास्कोपचा रुंद पडदा १९५३ साली आला, तेव्हा त्यांनीच तिला शेवटी आणखी एक भाग जोडला. चिन्ह रुंद झालं म्हणून धूनही लांब. आणि १९९७ साली ती नव्यानं ध्वनिमुद्रित केली, तीही आल्फ्रेड यांचे चिरंजीव डेव्हिड न्यूमन यांनी. बापाची चीज मुलानं पुन्हा मांडणं आम्हाला काही नवं नाही. घराणी अशीच चालतात. पण पाच-पन्नास वाद्यांच्या मेळानं अर्ध्या मिनिटाच्या चिजेसाठी असं घराणं चालवावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

'स्टार वॉर्स' केबलवर लागला त्या रात्री आप्पा पेटी घेऊनच बसले. फॉक्सची तुतारी संपते, काळ्या पडद्यावर निळी अक्षरं येतात, क्षणभर शांतता, आणि मग जॉन विल्यम्स यांच्या संगीताचा तो एकदम अंगावर येणारा आघात. आप्पांनी दोन्हींचा सा शोधला. काळी पाच. तुतारीही काळी पाच, आणि सिनेमाचं संगीतही काळी पाच. "मुद्दाम केलंय रे हे," ते म्हणाले. "तुतारी संपलीच नाही. दारातून घरात आली." खरंच तसं आहे. विल्यम्स यांनी आपली धून न्यूमन यांच्याच सुरात बांधली, आणि पुढे हा सांधा इतका पक्का झाला की एक वाजलं की दुसरं आपोआप ऐकू यायचं. लुकासफिल्म डिस्नेकडे गेल्यावर २०१५ साली नवा भाग आला, तो फॉक्सच्या तुतारीशिवाय. बंडू तोवर न्यू जर्सीत स्थायिक झालेला. थिएटरमधून बाहेर पडून त्यानं मला फोन केला. तिकडे रात्र, इकडे सकाळ. "अरे, वाजंत्रीच नाहीत! थेट अंतरपाटाशीच नेऊन उभं केलं." आप्पा असते तर पेटीवर ती काळी पाच दाबून त्यांनीच ती जागा भरून काढली असती.

पण मला सांगायचंय ते 'एलियन ३'बद्दल. १९९२ चा सिनेमा, आमच्याकडे केबलवर त्यानंतर तीन-चार वर्षांनी आला. पावसाळी रात्र होती. ताशा वाजला, तुताऱ्या वाजल्या, सगळं नेहमीसारखं. आणि शेवटच्या सुरावर यायच्या जरा आधी धून थांबली. संपली नाही, तिथेच अडकली. एक काळवंडलेला सूर तसाच ताणून धरलेला, शेवटाला जाईच ना. काका ताडकन उठले, गॅलरीत गेले आणि खालच्या केबलवाल्याच्या पोराला ओरडून म्हणाले, "अरे, परत अडकली बघ तुझी लाइन!" पोरगं भिजत वर आलं, वायर हलवली, बटणं दाबली. तोवर सिनेमा सुरू झाला होता आणि आवाज अगदी स्वच्छ येत होता. काका गप्प. आप्पांनी तेवढं म्हटलं, "अडकली नाही. समेवर येऊ दिली नाही. मुद्दाम."

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सिनेमा त्यांना कळत नव्हता आणि आवडतही नव्हता. रक्त, नळ, अंधार. पण मध्यंतरानंतर कुठेतरी स्वतःशीच म्हणाले, "भीती घालायची तर अशी घालावी. सम राखून."

संगीतकार इलियट गोल्डेन्थाल यांची ती करामत, हे मला नंतर कळलं. त्यानंतर मी अशा किती तरी ऐकल्या. वॉर्नर ब्रदर्सची ढाल 'हॅरी पॉटर'मध्ये ढगांतून यायची, सोबत विल्यम्स यांची ती घुबडाची धून, आणि एकेका भागागणिक आकाश काळं होत जायचं. शेवटाला तर ढालीला गंज चढला. 'स्कॉट पिलग्रिम'मध्ये युनिव्हर्सलची भव्य धून जुन्या व्हिडिओ गेमच्या किरकिऱ्या आवाजात. भावाच्या मुलानं ती ऐकून विचारलं, "काका, तुझा ब्रिक गेम असाच वाजायचा ना?" 'मिनियन्स'मध्ये तीच धून ते पिवळे प्राणी तोंडानं गातात. युनिव्हर्सलची ही धून जेरी गोल्डस्मिथ यांची, १९९७ सालची. नातवंडांच्या पिढीला ती मिनियन्सच्या तोंडचीच ठाऊक आहे. मूळ ऐकली की ती म्हणतात, "यांनी का बदलली?" 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मध्ये फॉक्सच्या तुताऱ्या ब्रायन मे यांच्या गिटारवर वाजतात. गिटार इतकी गरजते की अंगावर काटा येतो, हे कबूल.

तरीही माझ्या मते हल्ली हा खेळ फार झालाय. प्रत्येक सिनेमानं आपली तुतारी वाकडी वाजवायची म्हटलं, तर सरळ कुणी कधी ऐकायची? काकांनी केबलवाल्याला हाक मारली, ती त्यांना सरळ तुतारी पाठ होती म्हणून. दर आठवड्याला, उठून न जाता, पुढे ढकलता न येता ती ऐकावी लागली होती म्हणून. आता घरात माणूस एकटाच बघतो आणि सुरुवात आली की बोट आपसूक पुढे जातं. 'एलियन ३'वाल्यांनी आज तसाच सूर अडकवला, तर निम्म्या लोकांना पत्ताही लागणार नाही. असो. म्हातारपणीच्या तक्रारी या.

वाडा २००४ साली पडला. त्या जागी आता पाच मजली इमारत आहे, आणि काका तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. आप्पांची पेटी माझ्याकडे आहे. काळी पाच त्यातलीच वाजत नाही, पाती गेलीय. दुरुस्त करून घ्यायची राहूनच जाते.

मागच्या दिवाळीत भाऊबिजेला सगळे तिसऱ्या मजल्यावर जमलो. बंडू मुलांना घेऊन आला होता. फराळ झाला, आत्या सोफ्यावर लवंडली, आणि बंडूच्या मोठ्या मुलीनं विचारलं, "बाबा म्हणतो तुमच्या घरात एक ट्यून होती. कशी होती?"

काकांनी शिट्टी वाजवली. वय ब्याऐंशी, पण शिट्टी नीट, आणि मधला खड्डाही जागच्या जागी. आत्या झोपेतूनच म्हणाली, "छे, इतकी घाई नव्हती हो दादा," आणि तिची ती संथ तुतारी गुणगुणली. बंडूनं टेबलावर भोंग्याची लय वाजवून दाखवली. मी खालच्या सुरातून मींड घेत वर गेलो, तर चौघांतल्या तिघांनी एकदम हात वर केले. "मध्ये ते काय घालतोस? ते तुकारामाच्या प्रोजेक्टरचं आहे!" मी म्हटलं, मग तुमच्यातलं वस्तऱ्याचं आहे, आणि आत्याचं आमच्या झोपेचं. काकूनं आतून सांगितलं, की तिला आठवते ती आप्पांची, पेटीवरची, तीच खरी. पण ती वाजवून दाखवायला पेटी इथे कुठे होती, आणि असती तरी तिची काळी पाच कुठे होती?

वाद असा रंगला की चहा निवला. शेवटी बंडूच्या मुलीनंच फोन काढला, प्रभातचा एक जुना सिनेमा शोधला, आणि टीव्हीला जोडून लावला. करड्या पडद्यावर ती बाई आली, तुतारी तोंडाला लावली, आणि तुतारी वाजली.

ती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग आत्या उठून बसली, चष्मा लावला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "ही नंतर बदललेली दिसतेय."

"हो तर," काका म्हणाले. "आपल्या वेळी अशी नव्हती."

आणि दुपारपासून पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं.